‘काकू, मीटर चेक करायचंय’: दार उघडण्याआधी काय बघायचं

गळ्यात निळी फीत, फितीला ओळखपत्र, हातात टेस्टर, काखेत वही. एवढ्या भांडवलावर भामट्यांसाठी पुण्यातल्या बऱ्याच दारांच्या कड्या निघतात. ओळखपत्र बघूनच दार उघडा, असा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो आणि तो अपुरा आहे. तसलं कार्ड झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटांत छापून मिळतं. खरं कार्ड कसं दिसतं हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असतं? त्यात वीज, पाणी, गॅस या तिन्ही ठिकाणी बरीच कामं कंत्राटदाराची माणसं करतात, त्यांची कार्डं आणखी निराळी.

म्हणून माणसापेक्षा काम तपासा. खऱ्या कामाचा माग कुठेतरी असतोच: बिल, नोटीस, तक्रार क्रमांक, मोबाइलवरचा मेसेज, सोसायटीच्या फळ्यावरची सूचना. तो माग तुमच्याकडच्या कागदावरून आणि तुम्ही स्वतः लावलेल्या फोनवरून सापडला, तर दार उघडायचं. समोरच्याने दाखवलेला कागद आणि त्याने लावून दिलेला फोन यांना शून्य किंमत. ‘घ्या, आमच्या साहेबांशी बोला’ म्हणून जाळीतून मोबाइल पुढे केला, की पलीकडचा साहेब त्याच्याच टोळीतला असणार असं समजून चाला.

आधी करून ठेवायचं

एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत चार गोष्टी लिहून तो दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. पहिली, महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक. दुसरी, गॅसचा ग्राहक क्रमांक. पाइपचा गॅस असेल तर एमएनजीएलच्या (पुण्यात पाइपने गॅस पुरवणाऱ्या कंपनीच्या) बिलावरचा, सिलिंडर असेल तर एजन्सीच्या पुस्तकातला. तिसरी, घरातली मीटरं नेमकी कुठे आहेत ते. चौथी, फोन नंबर: महावितरण १९१२ किंवा १८००-२३३-३४३५, पुणे महापालिका १८००-१०३०-२२२, सिलिंडरची गळती १९०६, पोलीस ११२. गॅस एजन्सीचा आणि एमएनजीएलचा नंबर छापील बिलावरूनच उतरवा. ‘कस्टमर केअर’ म्हणून इंटरनेटवर शोधायला गेलात तर वरच्या निकालांत भामट्यांनी पेरलेले नंबर असू शकतात. म्हणजे चोराची खात्री चोराकडेच करून घेतल्यासारखं होतं.

महावितरणकडे मोबाइल नोंदवलेला नसेल तर एमआरईजी ही अक्षरं इंग्रजीत, मग एक जागा सोडून ग्राहक क्रमांक, असा एसएमएस ९९३०३९९३०३ वर पाठवा. मग बिल, रीडिंग आणि वीज बंद असल्याचे मेसेज तुमच्याकडे येतात, आणि ‘तुमचं बिल थकलंय’ हे दारात कोणी येऊन सांगण्याची गरज राहत नाही. हे मेसेज ज्या नावाने येतात त्यात एमएसईडीसीएल, म्हणजे महावितरणच्या इंग्रजी नावाची, अक्षरं असतात. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार’ हा मेसेज खोटा, मग खाली कोणाचंही नाव असो.

वडीलधारी मंडळी एकटी राहत असतील आणि मुलं बेंगळुरूत किंवा अमेरिकेत असतील, तर एक जास्तीचा नियम लावा: कोणतंही काम आधी मुलाशी किंवा मुलीशी बोलून ठरल्याशिवाय घरात माणूस घ्यायचा नाही. ‘तुमच्या मुलानेच पाठवलंय’ हे वाक्य या धंद्यात सर्रास चालतं. त्यासाठी घरातल्या घरात एक शब्द ठरवून ठेवा. मुलाने खरंच पाठवलं असेल तर तो शब्द त्या माणसाला माहीत असेल.

जाळी, साखळी, भिंग

सेफ्टी डोअरला आतून कुलूप लागणारी वेगळी कडी हवी. बऱ्याच घरांत ते दिवसभर नुसतं लोटलेलं असतं, मग ते असून नसल्यासारखं. साखळी बसवताना पुडीत येणारे अर्ध्या इंचाचे स्क्रू बाजूला ठेवा, एका धक्क्यात ते निघतात. चौकटीच्या बाजूला दीड इंची स्क्रू लावा. दाराच्या बाजूला एक इंच पुरे, कारण फ्लश डोअरची जाडी साधारण ३० ते ३५ मिलिमीटर असते आणि लांब स्क्रू पलीकडे डोकावेल. दार आतून पोकळ असेल तर भरीव लाकूड फक्त कुलपाच्या पट्ट्यात असतं, साखळी तिथेच ठोका. साखळी ताणल्यावर फट सात-आठ सेंटिमीटरपेक्षा जास्त राहू नये. जास्त राहिली तर हात आत घालून ती सोडवता येते.

दारातलं भिंग सहसा जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर बसवतात. आजींना टाचा उंचावाव्या लागत असतील तर त्या भिंगातून कधीच कोणी बघणार नाही. दुसरं भिंग १३० ते १३५ सेंटिमीटरवर बसवा, सुताराचं दहा मिनिटांचं काम आहे. वायफायवर चालणारी घंटा-कॅमेरा असेल तर त्याचा राउटर इन्व्हर्टरवर घ्या. मीटर रूम उघडी असेल तर खाली मेन स्विच पाडून मग वर येऊन ‘लाइट गेलीय ना? तेच बघायला आलोय’ म्हणणारे असतात, आणि त्या वेळी कॅमेरा बंद असतो. अशा वेळी बाहेर डोकावून शेजारचे, जिन्यातले दिवे चालू आहेत का बघा. फक्त तुमचेच गेले असतील आणि तुम्ही तक्रार केलेलीच नसेल, तर या माणसाला ते कळलं कसं?

दारातलं बोलणं

जाळी बंद, साखळी लावलेली. विचारायचं एवढंच: कुठल्या ऑफिसातून, कोणत्या कामासाठी, तक्रार किंवा कामाचा क्रमांक काय. उत्तर आपण पुरवायचं नाही. ‘महावितरणमधून का?’ असं विचारलंत की समोरून ‘हो’ येणारच. नाव किंवा ग्राहक क्रमांक बरोबर सांगितला म्हणून विरघळू नका. नाव पाटीवर असतं, आणि बिलं खालच्या पेटीत चार-चार दिवस पडून असतात.

मग म्हणा, ‘थांबा, फोन करून विचारते,’ आणि मुख्य दार लावून घ्या. शिष्टाचाराचा विचार इथे करायचा नाही. दाराबाहेर ताटकळण्याची सवय खऱ्या माणसाला असते, रोज पन्नास दारं वाजवणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. भामट्याला मात्र वेळ परवडत नाही. तो घाई करतो, दंडाची भीती घालतो, आवाज चढवतो, नाहीतर ‘बरं, खालच्या मजल्यावरून येतो’ म्हणून निघतो आणि परत येत नाही. दुपारी एक ते चार हा त्यांचा आवडता वेळ: घरात ज्येष्ठ, वॉचमन पेंगुळलेला, आणि ऑफिसला गेलेली माणसं फोन उचलत नाहीत. पुण्याने या वेळेत दार न उघडण्याची कीर्ती उगाच कमावलेली नाही, ती इथे खुशाल वापरा.

पाटी लावायचीच असेल तर कामाची लावा: ‘वीज मीटर तळमजल्यावर. पाण्याचं मीटर गेटपाशी. गॅसचं रीडिंग दारातून सांगू. आत येण्याचं कारण शिल्लक नाही.’

वीज

पुण्यातल्या बहुतेक इमारतींत मीटर जिन्याखाली किंवा तळमजल्याच्या मीटर रूममध्ये असतात. रीडिंग घेणारा तिथेच मीटरचा फोटो काढतो, त्याला तुमच्या हॉलमध्ये काहीही काम नसतं. स्मार्ट मीटर बसलं असेल तर रीडिंग आपोआप जातं, म्हणजे माणूस येण्याचंच कारण संपलं.

मीटर बदलायला येणारी माणसं सध्या खरोखरच फिरत असतात, त्यामुळे इथे गोंधळ जास्त होतो. नवं मीटर ग्राहकाला मोफत बसवून मिळतं. ‘फिटिंग चार्ज’, ‘सिक्युरिटी’, ‘केबलचे वेगळे’ असं काही मागितलं की काम थांबवा आणि १९१२ लावा. खरं काम असेल तर खाली उतरून समोर उभे राहा. जुन्या मीटरचा अनुक्रमांक आणि शेवटचं रीडिंग एका फोटोत, नव्याचा क्रमांक आणि सुरुवातीचं रीडिंग दुसऱ्या फोटोत घ्या. मीटर बदलल्याच्या अहवालावर हेच आकडे आहेत ना ते पाहून सही करा. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. पुढे बिल वाढलं तर भांडायला हे दोन फोटोच उपयोगी पडतात.

थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दारात उभं राहून ‘आत्ता भरा, नाहीतर तोडतो’ असं म्हणणाऱ्याला त्या नोटिशीची तारीख विचारा, आणि बारा आकडी क्रमांक टाकून महावितरणच्या ॲपवर थकबाकी आहे का ते स्वतः बघा. असलीच तर तिथेच भरा, त्याच्या मोबाइलवरच्या क्यूआर कोडवर नको.

वीजचोरी पकडणाऱ्या भरारी पथकाचं सोंग घेणारे सगळ्यात घाबरवतात, कारण मीटरमध्ये खरंच काही बिघाड असेल की काय ही शंका प्रत्येकालाच असते. नियम ठाऊक असू द्या. कलम १३५ खालच्या झडतीत घरात राहणारी व्यक्ती किंवा तिच्या वतीने कोणीतरी हजर हवं, आणि जप्त केलेल्या वस्तूंची यादी करून द्यावी लागते. राहत्या घरात सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत, घरातला प्रौढ पुरुष सदस्य हजर असल्याशिवाय, अशी झडती घेता येत नाही. आणि जागच्या जागी ‘मिटवून टाकू’ हा प्रकार कायद्यात नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. खऱ्या कर्मचाऱ्याला, वाजवी वेळी आणि कल्पना देऊन, आवारात येण्याचा अधिकार कलम १६३ देतं. अडवलंत तर लेखी नोटीस देऊन चोवीस तासांनी पुरवठा तोडता येतो. पण ‘दहा मिनिटं थांबा, खात्री करतो’ म्हणजे अडवणं नव्हे. तेव्हा दमदाटीला बिचकू नका आणि खात्री पटल्यावर हटूनही बसू नका.

पाणी

‘पाण्याचं प्रेशर चेक करायचंय, बाथरूमचे सगळे नळ सोडा’ ही जुनी युक्ती. नळांचा आवाज सुरू झाला की बेडरूममधलं कपाट उघडल्याचं ऐकू येत नाही, आणि तुम्हीही बाथरूममध्ये अडकून पडता. फ्लॅटमधल्या नळाचं प्रेशर गच्चीवरच्या टाकीच्या उंचीवर आणि तुमच्या नळाच्या जोडणीवर अवलंबून असतं. महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने वर जातं. म्हणजे तुमच्या बेसिनचा नळ उघडून महापालिकेला आपल्या वाहिनीबद्दल काहीही कळत नाही. समान पाणीपुरवठा योजनेतली मीटरंही सोसायटीला येणाऱ्या जोडणीवर, बाहेर बसवली जातात. पेठेतल्या वाड्यात किंवा बंगल्यात थेट नळ असेल, तर अंगणातला नळ दाखवा. दाब मोजायला तोच पुरतो.

पाण्याचे नमुने घ्यायला मात्र माणसं खरंच येतात. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा घरोघरी पाहणी झाली होती. अशा वेळी बाटली जाळीतून घ्या आणि नमुना स्वतः भरून द्या. बाटली निर्जंतुक असते, म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका आणि बाटली धुऊही नका. पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधणाऱ्यांनाही हाच न्याय: कुंड्यांखालच्या बशा, कूलर, पिंप दाखवायला एक माणूस आत पुरतो, दुसरा बाहेर थांबेल.

‘महापालिकेकडून पाणी तपासायला आलोय’ म्हणत दोन ग्लास मांडणारा बहुधा प्युरिफायर विकणारा असतो. एका ग्लासात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतो. तुमचं पाणी मिनिटभरात तपकिरी, गढूळ होतं आणि त्याचं जवळजवळ स्वच्छ राहतं. काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. खरा प्रकार असा, की नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असल्याने त्यातून वीज वाहते, त्यामुळे लोखंडाची कांडी झिजते आणि गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य, वीज वाहत नाही, कांडी झिजत नाही. तो गाळ कांडीचा असतो. पटत नसेल तर त्याच्या ‘शुद्ध’ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा वीज सोडायला सांगा. हा माणूस चोर असेलच असं नाही, पण खोटं नाव सांगून आत आलेला आहे, एवढं पुरे.

गॅस

पाइप गॅसचं मीटर बऱ्याच फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनीत असतं, त्यामुळे इथे ‘आत येऊ द्या’ म्हणणं रास्त असू शकतं. तरी रीडिंगचा फोटो तुम्ही काढून जाळीतून दाखवा, बहुतेकदा तेवढ्यावर काम भागतं.

‘लीकेज आहे’ हे ऐकून माणूस गडबडतो. तेव्हा करायचं एकच: मीटरजवळचा कॉक बंद करा (दांडी पाइपला आडवी म्हणजे बंद), कोणत्याही बटणाला हात लावू नका, खिडक्या उघडा, सगळ्यांनी बाहेर पडा, दाराला कुलूप लावा आणि खाली येऊन बिलावरच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. गळती खरी असेल तर हेच बरोबर आहे. खोटी असेल तर ‘तुम्ही बाहेर थांबा, मी आत बघतो’ म्हणणाऱ्याचा बेत तिथेच फसतो. वास येत नसेल आणि मनाचं समाधान करायचं असेल तर साबणाचा फेस सांध्यांवर लावा, फुगे आले तरच गळती. काडी ओढून बघू नका.

सिलिंडर असणाऱ्यांकडे ‘कंपनीकडून चेकिंग’ म्हणून येऊन नळी आणि रेग्युलेटर गळ्यात मारणारे जास्त. पाच वर्षांतून एकदा तपासणी असते हे खरं, पण ती तुमच्या एजन्सीमार्फत होते आणि पैशांची पावती एजन्सीची मिळते. आधी एजन्सीला फोन करा. मान्यताप्राप्त नारिंगी सुरक्षा नळीवर आयएसआयची खूण, आयएस ९५७३ हा क्रमांक आणि उत्पादनाचं वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की ती बदलायची. आजच ओट्याखाली वाकून ते वर्ष वाचून ठेवा. मग ‘नळी एक्स्पायर झालीय’ असं कोणी म्हटलं तर उत्तर तयार असेल. गॅस वाचवणारं यंत्र, जाळीवर बसवायची चकती असल्या वस्तू तुमच्या गॅस कंपनीच्या आहेत असं सांगून कोणी दारात आणल्या, तर त्याला तिथूनच परत पाठवा.

आत घेतलंच तर

खात्री झाली, माणूस आत आला. तरी एकच आत, बाकीचे बाहेर, आणि त्याआधी बेडरूमच्या दाराला बाहेरून कडी. मुख्य दार उघडं ठेवा आणि शेजारच्यांना हाक मारून ठेवा. ‘काकू, जरा पाणी मिळेल का?’ याला नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं. म्हणून भरलेली बाटली आणि पेला आधीच दाराजवळ ठेवा, म्हणजे स्वयंपाकघरात जावं लागत नाही. त्याने मेन स्विच बंद केला तर तुम्ही टॉर्च घेऊन त्याच्याजवळच उभे राहा. मोबाइल त्याच्या हातात द्यायचा नाही, ओटीपी वाचून दाखवायचा नाही. ‘दहा रुपये भरून मीटर अपडेट करा’ म्हणून एखादं ॲप टाकायला सांगितलं तर ते बहुधा तुमचा स्क्रीन दुसरीकडे दाखवणारं असतं, आणि त्या दहा रुपयांच्या वाटेने खातं रिकामं होतं.

दागिने, भांडी चकचकीत करून देतो म्हणणारा कोणत्याही खात्याचा असला तरी आत घेऊ नका. त्याच्या भांड्यात आम्लराज, म्हणजे दोन तीव्र आम्लांचं मिश्रण असू शकतं, आणि त्यात सोनं विरघळतं. बांगडी बुडवून परत दिली तर ती तशीच दिसते, फक्त वजनात कमी भरते.

सोसायटीने करायचं

इंटरकॉमवर वॉचमन ‘महावितरणवाले आलेत’ म्हणतो तेव्हा त्याने काही तपासलेलं नसतं, आलेल्यांनी जे सांगितलं तेच तो वर पोचवतो. गेटवरच्या ॲपमध्ये नाव दिसलं तरी तेच. मीटर रूमला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे, वहीत गाडीचा नंबर आणि कामाचा क्रमांक, आणि एकापेक्षा जास्त घरांत जायचं असेल तर कमिटीतल्या कोणाला तरी फोन, एवढं बसवलं तरी खूप. खरं काम असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी सूचना टाका. सूचना नसताना आलेल्याला मग आपोआप प्रश्न विचारले जातात.

घडून गेलं असेल तर

माणूस घरात असतानाच संशय आला तर वाट अडवू नका. बाहेरच्या बाजूला जा, मोठ्याने शेजाऱ्यांना हाक मारा, ११२ लावा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर पहिला फोन १९३० ला, लगेच. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता आली तरच काही हाती लागतं. त्यानंतर बँक.

कपाट, कड्या, ग्लास यांना हात लावू नका, आवराआवर तर अजिबात नको. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी पुसलं जातं, म्हणून सोसायटीला आणि समोरच्या दुकानाला त्याच दिवशी लेखी सांगून ते काढून ठेवायला लावा. फिर्यादीत आलेल्याने कोणत्या खात्याचं नाव सांगितलं ते स्पष्ट लिहवा. बतावणी करून फसवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये येतं, लोकसेवक असल्याचं सोंग कलम २०४ मध्ये. हद्दीचं कारण सांगून परत पाठवू लागले तर शून्य क्रमांकाने गुन्हा (झीरो एफआयआर) नोंदवायला सांगा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. दागिन्यांच्या पावत्या सापडत नसतील तर लग्नकार्यातले, ते अंगावर असलेले फोटो सोबत न्या.